आम्हा दोघांची टीईटी

आम्ही दोघं नवरा-बायको जिल्हा परिषदेचे शिक्षक. राहायला अक्कलकुव्यात, शाळा मोलगीच्या रस्त्याला, डोंगरातल्या पाड्यांवर. माझी शाळा आधी लागते, ह्यांची पुढे. ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचं, तसंच परत यायचं. शाळेत मोबाईलला रेंज नसते. परतताना घाटाच्या माथ्यावर ती येते आणि दिवसभराचे मेसेज एकदम येऊन पडतात. त्या दिवशी दोघांचेही फोन वाजायचे थांबेनात, म्हणून ह्यांनी गाडी बाजूला घेतली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. नाहीतर नोकरी सोडायची. आम्ही डी.एड. करून लागलो तेव्हा ही परीक्षाच नव्हती.

"जुन्यांना कशाला लावतील?" हे म्हणाले.

"निकाल जुन्यांसाठीच आहे," मी म्हटलं.

ते हसले आणि गाडी सुरू केली.

मी सरावाची पुस्तकं आणली. स्वयंपाक करता करता प्रश्न पाठ करायची. ह्यांनी मात्र पुस्तकाला बरेच दिवस हात लावला नाही. शिक्षक संघटना काहीतरी करेल, सरकार फेरविचार मागेल, असं रोज कुणाशी तरी फोनवर बोलायचे. फोन ठेवला की विनाकारण चिडायचे.

एका रविवारी अखेर पेन घेऊन बसले. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला शिक्षकाने कसं शिकवावं, असा एक प्रश्न होता. चार पर्याय. ह्यांनी खूण केली, मागे उत्तर पाहिलं, ह्यांचं चुकलं होतं. पाड्यावरची मुलं पावरी बोलीत बोलतात. पहिल्या वर्षी मुलांना ह्यांचं कळेना, म्हणून हे मुलांशेजारी खाली बसून पावरी शिकले. आता पाड्यावरची म्हातारी माणसंसुद्धा ह्यांच्याशी भांडायचं तर पावरीतच भांडतात.

"मग मी इतकी वर्षं काय केलं?" त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं. मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला उठले.

त्यानंतर त्यांनी फोन करणंही सोडलं आणि चिडणंही सोडलं. त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

पाऊस संपून घाटात खडी उघडी पडली होती. सकाळी आम्ही चढावर होतो. एका वळणावर समोरून जीप आली, टपावरसुद्धा माणसं बसलेली. जीपवाल्याने हॉर्न दिला. हे सरळच जात राहिले. मी खांदा गच्च धरून ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. गाडी खडीवर सरकली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला पडलो. जीप पुढे जाऊन थांबली. माणसं धावत आली, आम्हाला उठवलं. माझं कोपर सोलवटलं होतं, ह्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. पलीकडे दरी होती. तिकडे मी पाहिलं नाही.

माणसं गेल्यावर हे तिथेच दगडावर बसून राहिले.

"काय झालं तुम्हाला? हॉर्न ऐकू आला नाही?"

"गणित करत होतो," ते म्हणाले. "दोन गाड्या समोरासमोर येतात, वेग दिलाय, किती वेळात भेटतील. सकाळपासून सुटत नव्हतं." मग घरच्या अहिराणीत म्हणाले, "मन्हा काय भरवसा शे आते? माले भ्याव लागस."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून दोघं एकत्र अभ्यासाला बसू लागलो. घाटात अभ्यासाचा विषय काढायचा नाही, एवढं ठरवलं.

परीक्षा नंदुरबारला होती. दारात आमची झडती झाली, चेहऱ्याचा फोटो काढला. रांगेत सगळी आमच्या पोराच्या वयाची मुलं. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, "काकू, पालकांना आत सोडत नाहीत." मी हॉलतिकीट दाखवलं. ती ओशाळली. आत उत्तरपत्रिकेवरचे गोल मी एकेक करून काळे केले. पेपर कसा गेला हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा मी पास होते. हे थोडक्या गुणांनी राहिले.

मला आनंद झाला, आणि त्यांच्याकडे पाहून तो लपवावासा वाटला. त्यांनीच पेढे आणले. शेजाऱ्यांना म्हणाले, "हिचं झालं, माझं पुढच्या वेळी." पुढची वेळ अजून यायची आहे, आणि मुदत संपत चालली आहे.

परवा ह्यांच्या पाड्यावरचा एक बाप बाजारात भेटला. "बाई, गुरुजी फेल झाले म्हणतात. त्यांना काढणार काय?"

"नाही, अजून परीक्षा आहे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, पण हलला नाही. मी आणखी काहीतरी सांगेन म्हणून तो उभाच होता.