बस आमच्या गावात का येत नव्हती

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पण पेपर रोज वाचतो, बोट ठेवून का होईना. जळगाव-धुळ्याचे मोठे पेपर आमच्या गावाचं नाव कधी छापतात? गावात खून पडला तर. म्हणून भडगावच्या एका बाईंनी मोबाइलवर तालुक्याच्या बातम्यांचं पोर्टल काढलं, ते मला पटलं. बाईंचं झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की बातमी लिहायच्या. कुठल्या गल्लीला पाणी कधी, कोणाची म्हैस हरवली, हे त्यांच्याकडेच कळायचं.

त्या साली सकाळची बस गावात येईनाशी झाली. फाट्यावरूनच वळून जायची. कॉलेजच्या पोरी दीड किलोमीटर पायी. बाई स्कूटीवर फाट्यापर्यंत आल्या, मी तिथे टपरीवर चहा पीत होतो.

"आबा, गाडी गावमा काब्र येस नही?"

"ड्रायव्हरले माज शे! दुसरं काय!"

संध्याकाळी माझा फोटो आणि खाली नावासकट माझं हे वाक्य, साऱ्या तालुक्याच्या मोबाइलवर. सुरतेहून जावयाचा फोन आला. पुढचे दोन दिवस मी टोपी इस्त्री करून घातली.

चौथ्या दिवशी दुपारी बाई थेट माझ्या शेतात आल्या. बातमी वाचून आगाराने त्या ड्रायव्हरला नोटीस दिली होती. उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा, नाहीतर निलंबन. तो नोटीस घेऊन बाईंच्या दुकानात गेला होता. भांडला नाही. एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही रस्ता पाहिला होता का?"

बाईंनी पाहिला नव्हता. फाट्यावरून माझं ऐकून परतल्या होत्या. आज मात्र रस्ता बघूनच आल्या. मध्येच आडवी चारी खोदलेली, वरची माती खचलेली. बसचं पोट टेकतं तिथे.

"कोणी खंदी, आबा?"

मी विहिरीकडे बघत राहिलो. आमच्याकडे विहीर रस्त्याच्या या अंगाला आणि केळी त्या अंगाला असली, की माणूस रस्ता खोदतो, पाइप टाकतो, वर माती लोटतो. कोणाला विचारतो कोण? मी उन्हाळ्यात तेच केलं होतं. रोज त्या चारीवरून जात होतो, ड्रायव्हरला शिव्या देत होतो, आणि देवाशपथ सांगतो, या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नाहीत.

"मीच," म्हणालो. "पण बठ्ठाच खंदतस! मी एकटा का?"

"खंदतस. पण फोटो तुमचाच छापेल शे." मग थोड्या हळू म्हणाल्या, "चूक मन्ही बी शे. न देखता लिखं. दोन्ही लिखसू. तुमचं नाव टाकू का नको?"

नाव नसतं तर गावाला कळलंही नसतं. जावयालाही नाही. तो ड्रायव्हर भांडायला आला असता तर मीही भांडलो असतो, त्यात मी कमी नाही. पण जो भांडतच नाही त्याच्याशी काय करायचं?

"टाक," म्हणालो. "माज शे म्हणताना नाव होतं, आता काय लपवू?"

बाईंनी तिथेच बांधावर बसून ड्रायव्हरच्या खुलाशाला जोडायचा कागद लिहिला. चारी माझी, बस टेकते, चूक ड्रायव्हरची नाही. मी अंगठा लावणारा माणूस नव्हे. सही केली. अक्षरं वरखाली झाली, पण सही माझी. अंधार पडायच्या आत सगळी बातमी आली, माझ्या नावासकट, आणि बाईंच्या चुकीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने मुरूम आणला आणि कुदळ घेऊन चारीवर गेलो.

"आबा, आज बी फोटो येईन का?" शेजारी हसला.

"तू घमेलं उचल."

दगड भरले, मुरूम टाकला, वरून ट्रॅक्टर फिरवून दाबला. मग फाट्यावर गेलो. बस आली, वळायला लागली. मी ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभा राहिलो. माफी वगैरे मला जमत नाही.

"चाल भाऊ, गावमा चाल," म्हणालो, आणि बसच्या पुढे पुढे गावापर्यंत पायी चालत गेलो.