आतल्या संगणकाला न दिसलेले यंत्र

‘डिव्हाइस नॉट फाउंड’ ही ओळ पडद्यावर पुन्हा आली, तेव्हा आप्पांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

आप्पा विट्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे श्रवणयंत्र दुरुस्तीहून कोरे होऊन आले होते. मलकापूरच्या या क्लिनिकमध्ये त्यात त्यांच्या कानाचे सेटिंग भरायचे होते. शेजारच्या इस्पितळात त्यांच्या पत्नीच्या घशाचे ऑपरेशन होते. स्वरयंत्रच काढणार होते.

“साहेब, तिचा आवाज आज दुपारपतूर हाय,” ते म्हणाले. “मग न्हाई. जरा लवकर बगा.”

मी हाताने थांबण्याची खूण केली. बोललो असतो तर त्यांना ऐकू आले नसते.

सेटिंग भरण्याचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते. म्हणून नव्या संगणकात मी व्हर्च्युअल मशीन बसवून दिले होते, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, आभासी संगणक. यूएसबी पोर्टला जोडलेली वस्तू बाहेरच्या संगणकाने त्याच्या हवाली करावी लागते. याला पासथ्रू म्हणतात. क्लिनिकमध्ये श्रवणयंत्र जोडण्याच्या दोन सारख्या डब्या होत्या, एक नव्या सॉफ्टवेअरची, एक जुन्याची. संगणकाला दोन्हींची ओळख एकच. म्हणून मी पोर्टच ठरवून दिला होता: मागच्या अमुक पोर्टात जे असेल, तेच आत जाईल.

“सुनीताताई, यात कुणी काही बदल केला का?” मी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारले.

“न्हाई ओ सर. कोण कशाला करतंय?”

बाहेरच्या संगणकावर दोन्ही डब्या दिसत होत्या, म्हणून वायरींवर माझा संशय गेला नाही. मी ड्रायव्हर काढले, पुन्हा घातले. डॉक्टर मॅडम आत डोकावल्या.

“सर, यांना तसंच पाठवू का?”

“पाच मिनिटं द्या, मॅडम.”

त्या पाच मिनिटांचा मी तास केला. अखेरीस सीपीयू फिरवला. मागे हळदीकुंकू होते आणि ठरवलेला पोर्ट रिकामा होता. दोन्ही डब्या पुढच्या पोर्टांत होत्या.

“सुनीताताई, हे सोडलं होतं?”

“खंडेनवमीला. सगळं सोडून पुसलं, पूजा केली, परत जोडलं. तुमी बदल इचारला. पूजा म्हंजे काय बदल असतोय व्हय?”

त्यांचे चुकले नव्हते. त्याच दिवशी माझ्या साताऱ्याच्या ऑफिसातही संगणक सुटे करून पुजले होते. आमच्याकडे यंत्राची पूजा कशी होते ते मला ठाऊक होते. तरी मी स्वतःच्या व्यवस्थेवर विसंबलो आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो.

वायर मागे लावताच डबी आत दिसली. मॅडमनी सेटिंग भरले. आप्पा चपला न घालताच निघाले.

पुढे ते बॅटरीसाठी आले, तेव्हा मीही तिथे होतो.

“आप्पा, गाठ पडली का?”

“दारात पडली. स्ट्रेचरवर घालून नेत हुते. सुई दिल्यानं जीभ जड झालती. बोलली कायतरी.”

“काय म्हणाल्या?”

“कळालं न्हाई.” त्यांनी कानाला हात लावला. “मशीन बरूबर हुतं तुमचं. तीच गुंगीत हुती.”

लवकर झाले असते तर ती गुंगीत नसती, हे त्यांनी म्हटले नाही.

आता मी गिऱ्हाइकांच्या वायरींना आणि पोर्टांना जोडीने रंगीत पट्ट्या लावतो. आणि दसऱ्यानंतरच्या तक्रारीत ‘काय बदलले’ असे न विचारता ‘पूजेला काय काय सोडले होते’ असे विचारतो.