मसाला चाखायचा नाही

मरळ मच्छी घरात आली की माझ्या नणंदेला हाक जायची. लग्नाला वर्ष होत नाही तोच तिचा नवरा गेला आणि ती नागपूरला आमच्याकडे परत आली. वयाने माझ्याहून लहान. आमच्या जातीत विधवेचा पाट लावत, पुन्हा संसार मांडून देत, मांसमच्छीलाही कोणी अडवत नसे. पण सासऱ्यांना कचेरीत नोकरी लागली आणि मोठ्या लोकांसारखं वागायची हौस आली. मोठ्या लोकांच्या विधवा मच्छी खात नाहीत, म्हणून आमच्याही पोरीने खायची नाही. स्वतःच्या ताटात एक तुकडा कमी पडला की मात्र सासऱ्यांचं तोंड वाकडं.

खायची नाही, पण करायची तिनेच. तिच्यासारखी मच्छी घरात कोणालाच जमत नव्हती. मागच्या अंगणात मच्छीची चूल वेगळी, भांडी वेगळी. राख चोळून ती मरळीची बुळबुळ काढायची, तुकडे करायची, पाट्यावर लसूण, तिखट, हळद वाटायची, चिंचेचा कोळ आणि मीठ घालायची. मग तुकड्यांना माखून तासभर मुरू द्यायची. माखण्याआधी मसाला बोटावर घेऊन चाखायची. तेवढंच तिच्या वाट्याला.

एकदा सासूने ते पाहिलं.

"मच्छीच्या भांड्यातलं चाटून राहिली काय वं?"

"आई, आतालोक तुकडा नाही पडला त्यात."

"भांडं तर मच्छीचंच आहे ना!"

त्या दिवसापासून चाखणंही बंद. मला इतका संताप आला की भांडी घासायला घेतलेली राख मी चुलीवरच फेकली. घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यालाही म्हणे मच्छी चिकटलेली असते. आणि त्याच भांड्यात हात घालून राबणारीच्या हातांना काही चिकटत नाही?

पुढची मरळ आली तेव्हा सासूने खडेमीठ कुटून बारीक करून ठेवलं होतं. नणंदेने नेहमीच्या अंदाजाने मूठभर घातलं. बारीक मीठ मुठीत जास्त मावतं. बोटभर चाखलं असतं तर लगेच कळलं असतं.

रात्री पुरुष जेवायला बसले. सासऱ्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि ताट ढकललं.

"मिठागरातून आणली काय मच्छी? काहून वं पोरी, जीभ झडली काय तुही? चाखून पाहाले काय झालं होतं?"

ती दारात मान खाली घालून उभी. जिने बंदी केली ती सासू मुकाट भाकरी वाढत होती. माझा नवरा ताटातला तुकडा झटकत होता, जणू मरळीचं मीठ झटकून जाणार होतं. मला राहवलं नाही.

"मामाजी, चाखाले तुमच्याच घरात बंदी आहे तिले."

"सूनबाई, तोंड आवर."

मी तोंड आवरलं. पण सासरे उपाशी उठले याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

पुढच्या बाजाराला ते पुन्हा मरळ घेऊन आले, घमेल्यात पाणी घालून, जिवंत. पोरीला हाक मारली. ती आली, पण खाली बसली नाही.

"बाबा, मी खाईन तर माखीन. नाही तर तुमीच माखा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवाले येतात काय आपल्या घरी?"

सासऱ्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, जणू मीच शिकवलं होतं. शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं. मग त्यांनी घमेल्याकडे पाहिलं. मरळ शेपटी आपटत होती.

"मागच्या चुलीपाशी खाय," ते म्हणाले. "दार लावून."

पोरीची दया येऊन त्यांनी हे म्हटलं असं कोणी समजू नये. त्यांना चांगली मच्छी हवी होती, बस. वर्षभर ती समोर कोरडी भाकरी खात होती, तेव्हा हे तोंडातून निघालं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने मसाला चाखला, तुकडे माखले, जवसाच्या तेलात तळले. पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. सासू दाराशी पहाऱ्याला, शेजारीण डोकावू नये म्हणून.

"आटप ना वं लवकर," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

पोर एकेक काटा काढून सावकाश खात होती. खाऊन झाल्यावर तिने ताट पुढे केलं आणि आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"वहिनी, अजून एक."

मी दोन वाढले.