साडेआठ युनिटं आणि एक माड

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, तरी सांगतो. चहा घ्या आधी. आणि ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःची कधीच फजिती करून घेतलेली नाही, त्याने खुशाल उठून जावं. कोणीच उठत नाही? छान! मग ऐका.

मी थळच्या बाजूला एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो आणि किहीमला आमच्या वाडीत येऊन राहिलो. घरात मी आणि बायको, सुनंदा. शेजारच्या वाडीत सदूभाऊ, मुंबईच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मधे कमरेइतका दगडी गडगा.

दसऱ्याला आम्ही दोघांनी घरावर सोलर बसवलं. बसवणारा एकच, माप एकच, तीन किलोवॅट त्यांचं, तीन किलोवॅट माझं. आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

कारण त्या सोलरचं एक ॲप असतं. दिवसभरात किती वीज तयार झाली ते मोबाईलवर दिसतं. झालं! दिवेलागणीला दोघे आपापले मोबाईल घेऊन गडग्याशी हजर.

"किती, मास्तर?"

"साडेबारा! तुमची?"

"सव्वाबारा."

काय सांगू, त्या पाव युनिटाने मला जेवण दोन घास जास्त जायचं.

आता सदूभाऊ म्हणजे आळशी माणूस. महिन्यातून एकदा विहिरीचं बादलीभर पाणी आणि जुना पंचा, एवढीच त्यांच्या पॅनेलांची सेवा. मी विज्ञानाचा माणूस! धूळ बसली की वीज घटते, हे मला कोणी शिकवायचं? रोज सकाळी सहाला शिडी लावायची, बोअरचा पाइप घ्यायचा आणि पॅनेलं धुऊन काढायची. आमची पॅनेलं गच्चीवर उंच लोखंडी मांडवावर आहेत, शिडीशिवाय दिसत नाहीत. पण ओली झाली की काय चमकायची! काळीशार! ती डोळे भरून बघायची आणि खाली उतरून चहा प्यायचा.

"बादल्या घासून घासून माझे हात गेले, त्याचं कोणाला काही नाही," सुनंदा म्हणायची. "पॅनेलांना मात्र रोज अंघोळ!"

दिवाळी झाली आणि माझा आकडा घसरला. बारा. मग साडेअकरा. नाताळात दहा. सदूभाऊ आपले साडेअकराला ठाण मांडून.

"थंडीत ऊन कमीच असतं, मास्तर," ते म्हणाले.

"मग तुमच्याकडे काय वेगळा सूर्य येतो?"

मी दिवेलागणीनंतरही धुवायला लागलो. आकडा नऊ! मी आलेख कागद आणला, दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन रेषा काढल्या. सदूभाऊंची रेषा मजेत चालली होती, माझी विहिरीत उतरत होती. मग माझ्या मनात नको ते यायला लागलं. त्या सोलरवाल्याने मला हलका माल तर लावला नाही ना? की सदूभाऊ थापा मारतात? एकदा तर मी त्यांचा मोबाईल हातातून ओढून घेऊन आकडा बघितला. शरमेची गोष्ट आहे, पण बघितला!

शेवटी सोलरवाल्याला फोन लावला.

"सर, पॅनेलं साफ करता ना?"

"साफ? अहो, दिवसातून दोनदा धुतो!"

"मग प्रश्नच नाही. सावली बघा. कशाची तरी सावली पडत असेल."

फोन ठेवला आणि मी वळून बघितलं. घराच्या पश्चिमेला माड उभा. चार वाजता त्याच्या झावळ्यांची सावली पॅनेलांच्या एका कोपऱ्यावर पडते. सापडला चोर!

आता हा माड साधा नाही. आमची मुलगी झाली तेव्हा सुनंदाच्या वडिलांनी रेवदंड्याहून रोप आणलं होतं, एसटीत मांडीवर घेऊन. ते गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. सुनंदाचं माहेर म्हणून आता काय उरलं असेल तर तो माड. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण डोक्यात साडेआठ घुसलं होतं ना! हो, तोवर साडेआठ.

"अगं, माड काढावा लागेल," मी म्हणालो.

ती भांडली नाही. पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. दुपारी आमटीत नारळ नाही. संध्याकाळी पोह्यांवर खोबरं नाही. दुसऱ्या दिवशी सोलकढी म्हणून वाटीत नुसतं आमसुलाचं लाल पाणी!

"हे काय?"

"सवय करून घ्या. माड गेला की मिळणारच नाहीये."

चांगला आठवडाभर मी किहीमच्या वाडीत बसून घाटावरचं जेवण जेवलो. पण हटलो नाही. आकडा महत्त्वाचा! हसुरामला निरोप धाडला. हसुराम आमच्या भागातला माडावर चढणारा. चाळिशी उलटली तरी सरसर चढतो. माझाच विद्यार्थी, नववीत विज्ञानात नापास केलेला.

तो दहाच्या सुमारास कोयता-दोर घेऊन आला. बघतो तर सुनंदा माडाच्या बुंध्याला टेकून, खुर्ची टाकून बसलेली. मांडीवर निवडायला तांदूळ.

"काकू, बाजूला व्हा ना," हसुराम म्हणाला.

"मी इथेच बरी आहे."

हसुरामने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग त्यानेच तोडगा काढला. "आधी नारल उतरवतो, मग बघू. पर काकू, नारल डोक्यात पडंल हां!"

तेव्हा कुठे ती खुर्ची घेऊन चार हात सरकली. हसुराम वर गेला. झावळ्यांत दिसेनासा झाला. मी खाली दोर धरून उभा. खरं सांगतो, त्या क्षणी मला सासऱ्यांचा चेहरा दिसत होता, आणि मला कोणीतरी थांबवावं असं फार वाटत होतं.

एवढ्यात वरून आरोळी आली. "मास्तर!"

"काय रे?"

"तुमच्या पॅनेलांवर मीठ कशाला वालत घातलंय?"

"मीठ? काय बडबडतोस?"

"देवाशप्पत! सदूभाऊंची कालीकुट्ट हायत आन् तुमची सफेत! पार मिठागर झालंय!"

मी दोर टाकला, गच्ची गाठली, शिडी लावली. सहाला धुतलेली पॅनेलं उन्हाने खडखडीत वाळली होती. इतक्या महिन्यांत मी ती वाळलेली कधी बघितलीच नव्हती हो! सकाळी दवाने ओली, रात्री अंधार. काचेवर पांढरं पूट, बादल्यांवर असतं तसंच. बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट!

समुद्राजवळची बोअर, खारं पाणी, वर कडक ऊन. रोज दोनदा मी माझ्या हाताने मीठ आणि चुना चढवत होतो. आकडा घसरला की आणखी धुवायचो!

सदूभाऊंच्या विहिरीचं पाणी आणून दोन दिवस पॅनेलं पुसली. सदूभाऊ स्वतः बादल्या देत होते, आणि हसत नव्हते, हे त्यांचे उपकार. आकडा चढला, सव्वाअकराला पोचला. त्यांच्यापेक्षा थोडा कमीच असतो अजून. थंडीचं ऊन कललेलं, तेवढी वीज माड खातो. खाऊ दे!

पण त्या दिवशीचं राहिलंच. मी खाली आलो तेव्हा हसुराम उतरून पाणी पीत होता. मी मान खाली घालून विचारलं, "तुझे किती झाले रे?"

"पैसं नको, मास्तर. नववीला तुमी प्रश्न घातला व्हता, दुष्फेन पाणी म्हंजे काय. मी लिवलं, ज्या पाण्यानं बादली सफेत व्हते ते."

"मग?"

"तुमी भोपला दिलाव! दोन मार्कांनी गेलो मी. त्ये दोन मार्क द्या."

 खुर्चीतून सुनंदा तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "देऊन टाका हो. आणि तुमचे किती कापायचे, ते मी बघते."