मुक्ताबाईंच्या माहेरचं रक्त

चौसाळ्याजवळच्या वाडीत बायांची दूध सोसायटी उभी राहिली ती मुक्ताबाईंच्या जिवावर. मेंढरांमागं वाढलेली बाई, शाळा चौथीपर्यंत. पण दारोदार हिंडून तिनं एकोणतीस बाया जमवल्या आणि चेअरमन झाली. अंगानं काटकुळी. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन मैलभर चालली तरी धाप लागायची नाही.

२०१३ साली विहिरी फेब्रुवारीतच आटल्या. तहसिलात खेटे घालून मुक्ताबाईंनी सोसायटीसाठी चारा छावणी मिळवली. जनावरांमागं माणसंही माळावर खोपी घालून राहिली. तिथंच एक तरुण डॉक्टरीणबाई रक्त तपासायला आल्या. बाया सुईला भ्याल्या, म्हणून चेअरमनबाईंनी आधी आपला हात पुढं केला.

चार दिवसांनी कागद आले. मुक्ताबाईंचं कोलेस्टेरॉल तीनशे अठरा.

"ते तर बसून खाणाऱ्या जाड्या माणसांचं दुखणं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगावर कुठं चरबी हाय?"

"मावशी, हे अंगावर दिसत नाही, रक्तात असतं. खाण्यातून थोडं येतं, बरंचसं आपलं यकृतच बनवतं. काही घराण्यांत ते जन्मापासून वाढलेलं असतं. रक्तवाहिनीत आतून थर बसत जातो आणि एक दिवस काळजाकडची वाट बंद होते. तोवर माणसाला काहीच कळत नाही. तुमच्या माहेरी कुणी तरणंताठं गेलं का?"

मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ बंकट अडतिसाव्या वर्षी गेला होता. मेंढरांना पाणी पाजून लिंबाखाली टेकला तो उठलाच नाही. लोक म्हणाले, ऊन लागलं. त्यांचा बाप धुळाजीही चाळिशीच्या आतच बाजाराहून येताना वाटेत कोसळला होता. तेव्हा लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्या दोन मरणांना एकच कारण दिलं होतं.

रोजची गोळी सुरू झाली. घरातला डालडा गेला, भजी-पापड सणापुरते उरले, मटकी आणि पालेभाजी वाढली. तीन महिन्यांत आकडा दोनशेच्या खाली आला. बरं झालं म्हणून मुक्ताबाईंनी गोळी सोडली. पुढच्या तपासणीत तो पुन्हा तीनशेवर.

"गोळी होती म्हणून उतरलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूळ तसंच आहे, ते माहेरच्या रक्तातून आलंय. गोळी आपल्या मनानं कधीच सोडायची नाही."

ते ऐकल्यावर मुक्ताबाईंना भाचा आठवला. बंकटचा म्हाळू, अठ्ठावीस वर्षांचा, सोसायटीचा दुधाचा टेम्पो चालवणारा. दिवसाला बिडीचं बंडल ओढायचा, जेवण बहुतेक धाब्यावर.

"आत्या, दोन-दोन कॅन एका दमात उचलतो मी," म्हाळू म्हणाला. "मला कावून सुई टोचायची? काय धाड भरलीय मला?"

"तुझ्या बापालाबी काय धाड भरली नव्हती. त्याला सांगणारं कुणी न्हवतं. तुला मी सांगते हाय."

पंधरा दिवस तो टाळत राहिला. मग एका पहाटे मुक्ताबाई टेम्पोत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. "चहा घेऊ नको. आधी दूध घालू, मग बीडच्या दवाखान्यात जाऊ. मीबी उपाशीच हाय." म्हाळूनं दूध घातलं आणि टेम्पो दवाखान्यापाशी थांबवला.

त्याचा आकडा तीनशे एक्केचाळीस निघाला. कागद हातात धरून तो टेम्पोत आत्याशेजारी येऊन बसला.

"आत्या, म्हंजे माझ्या बापाला ऊन लागलं नव्हतं?"

"न्हाई बाबा."

त्यानं खिशातलं बिडीचं बंडल काढून बाहेर भिरकावलं. त्यानंतरही दोनदा बिडी धरली आणि दोनदा सोडली. गोळी मात्र चुकवली नाही. बायकोनं डबा सुरू केला, धाबा सुटला.

पुढं सोसायटीनं ठराव केला की दरवर्षी प्रत्येक सभासदाच्या घरातल्यांचं रक्त तपासायचं. पहिल्याच वर्षी सात जण सापडले, त्यांतले चार मुक्ताबाईंच्याच माहेरचे. युसूफ वडगाव या गावच्या डेअरीची माणसं हे कसं जमवलं ते विचारायला आली, तेव्हा मुक्ताबाईंनी त्यांना घरच्या करडईच्या भाजीशी भाकरी वाढली आणि सगळं सांगितलं.

यंदाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला आणि म्हाळू न बोलावता उठला. कधी चारचौघांत न बोलणारा गडी.

"आज्यानं चाळिशी पाहिली न्हाई, बापानं पाहिली न्हाई," तो म्हणाला. "परवा मला चाळीस लागलं. आमच्या आत्यामुळं."

म्हाळू खाली बसला. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मंचावर मुक्ताबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि पुढचा विषय पुकारला.