सोफ्याच्या पोटातली नाणी

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी सोफा बघायची, मग माणूस. बसायच्या आधी गादी हाताने दाबायची, वाकून बुडाचं कापड बघायची आणि घरातल्या बाईला तोंडावर सांगायची, "स्प्रिंग मेलीये. आणि हा डाग चहाचा नाहीये, उगाच लपवू नका." काही जण हसायचे, काही जणांना राग यायचा. पण सोफा खचला की बोलवायचे तिलाच, कारण तिच्यासारखी गादी कुणाला भरता येत नव्हती. हे मी ती माझी आत्या आहे म्हणून सांगत नाही. म्हणजे, म्हणूनही सांगते. पटत नसेल तर दुकानात या, तिने भरलेली खुर्ची अजून आहे. बसा आणि मग बोला.

आता ती मुलाकडे राहते, लांब. दुकान मी बघते. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला अजून तिचं खाकरणं ऐकू येतं आणि मी उगाच सरळ बसते.

दुकान मुळात आतोबांचं. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, शटर पडलं ते पडलंच. आत्याने थोडे दिवस रडून घेतलं, मग शटर वर केलं, आतोबांचं चामडं शिवायचं जड मशीन पुसलं आणि त्यावर बसली. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आमच्या घरात कोणी मेल्यासारखं वातावरण. बाबा सारखे म्हणत, "हिचं काय होणार?" आत्या म्हणाली, "बूड एका जागी टिकत नाही ना तिचं? मग माझ्याकडे पाठव. लोकांची बुडं टिकवायचाच धंदा आहे माझा."

मी गेले आणि तिथलीच झाले. काथ्याचा वास, स्पंजचा भुगा, भिंतीवर टांगलेली सुतळीची भेंडोळी, तोंडात खिळे धरून बोलणारी आत्या. तोंडात खिळे असतानाही ती शिव्या स्पष्ट द्यायची.

सगळ्यात मजा यायची जुना सोफा उघडताना. बुडाचं कापड फाडलं की त्याच्या पोटातून काय काय पडायचं. कंगवे, पेनांची टोपणं, सुकलेले शेंगदाणे, एकदा तर कवळी. आणि नाणी. आत्याचा नियम होता, जे निघेल ते मालकाला परत. मालक नाणी बघून हसायचे, "राहू द्या हो, चहा प्या." मग आम्ही चहा प्यायचो, पण त्यातलं सगळ्यात जुनं नाणं आत्या बाजूला काढून काचेच्या बरणीत टाकायची. एका सोफ्याचं एकच.

कधीतरी दुपारी ती बरणी रेक्झिनच्या तुकड्यावर उपडी करायची. मला तेव्हा हातातलं काम टाकून बसावंसं वाटायचं, आणि मला बसावंसं वाटणं ही सोपी गोष्ट नाही.

"हे हिरवं पडलंय ना, ते दाताच्या डॉक्टरकडचं. तिथे माणसं भीतीने अशी मागे सरकायची की खिसेच रिकामे व्हायचे."

"आणि हे लाल?"

"लिपस्टिक आहे ती. फोटो स्टुडिओ. विचारू नकोस."

"सांग ना!"

"गप. हे बघ, याला गंजाचं कडं आहे. स्प्रिंगमध्ये अडकून बसलं होतं. तुझ्या आतोबांनी मला शेजारी बसवून पहिला सोफा उघडला, त्यातलं. निघेना म्हणून दातांनी ओढलं त्यांनी. येडा माणूस."

असं चाललं होतं. मग तिच्या मुलाने तिला मोठा फोन पाठवला.

पहिले काही दिवस ती त्यावर शिवणकाम बघायची. मग कसं काय, तो माणूस उगवला. आम्ही त्याला हातमोजेवाला म्हणायचो. पांढरे हातमोजे, मागे ढॅणढॅण संगीत, आणि बोटात धरलेलं एक साधं नाणं. "हे तुमच्या घरात असेल तर तुम्ही लखपती आहात!" एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. आत्याने भिंग आणलं.

"ए, इकडे ये. राजाच्या मानेखाली टिंब आहे का बघ."

"घाण आहे ती आत्या."

"नीट बघ, शहाणे!"

"नीटच बघितलं. नीट घाण आहे."

ती हसली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

एक दिवस मी खुर्च्या पोचवून परत आले तर दुकानात पॉलिशची मोटर घरघरत होती. सोफ्याच्या कडेला पितळेचे गोल डोक्याचे खिळे असतात, ते काळे पडले की आम्ही मोटरच्या कापडी चाकावर धरतो. सोन्यासारखे होतात, गिऱ्हाईक खूश. हातमोजेवाल्याने सांगितलं होतं, चकचकीत नाण्याला तिप्पट भाव. आत्याच्या हाताला चकचकीत करायची एकच रीत ठाऊक. अख्खी बरणी तिने चाकावर धरली होती. नाणी आरशासारखी लखलखत होती आणि तिचं तोंडही.

तिने हातमोजेवाल्याला फोटो पाठवले. लगेच फोन आला. बरणी अठरा लाखांना घेतो मॅडम, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा. ते भरायला आत्याने आतोबांचं मशीन समोरच्या बॅगवाल्याला विकायचं ठरवलं. तो परवा न्यायला येणार होता.

"डोक्यावर पडलीस का गं आत्या?" मी ओरडलेच. "मशीन गेलं तर दुकान कशावर चालवायचं? दातांवर?"

"चालवायचंच नाही."

"का? हाव सुटली तुला म्हणून?"

तिने उजव्या हाताचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. सांध्यापाशी सुजून वाकडा झालेला. "दोरा ओढवत नाही मला आता. सकाळी कपाची दांडी धरवत नाही. एकदाचं बसून खायचंय गं मला. एवढी मोठी हाव आहे माझी."

मी रोज तिच्या शेजारी बसत होते आणि मला तो अंगठा दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत बाजारातल्या नाणेवाल्याकडे नेलं. म्हातारा माणूस, गोड बोलणारा. त्याने नाणी हातात घेतली आणि कळवळलाच.

"घासलीत का हो बाई?"

"मग काय घाण ठेवायची?"

"जुनेपणाच तर विकतो आम्ही. बाकी सगळी साधीच आहेत म्हणा. हे एक बरं होतं. लाख-बिख नाही, पण एखाद्या खुर्चीचं कापड आलं असतं. आता यावर तोंडही उरलं नाही राजाला."

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "जळतोय मेला. व्हिडिओत सांगितलंच होतं, दुकानदार किंमत पाडून सांगतात." तिथे मी हात टेकले. त्या हातमोजेवाल्याने माझं उत्तर आधीच खोडून ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी बॅगवाला दोन हमाल आणि हातगाडी घेऊन हजर. आत्या मशीनवरचं तेल पुसत होती, हळूहळू, आंघोळ घालावी तसं. मला ते बघवेना म्हणून मी तिचा फोन उचलला, त्या माणसाला निदान चार शिव्या लिहून पाठवाव्या म्हणून. व्हिडिओ सुरू झाला. आणि पहिल्यांदाच मी हातमोज्यांच्या मागे बघितलं.

"आत्या, हे बघ."

"आता नको."

"नाणं नको बघू. खुर्ची बघ त्याची."

तिने चष्मा लावला. मी चित्र थांबवलं. बराच वेळ ती बघत राहिली, आणि मग तिचा तो दुसऱ्यांच्या दिवाणखान्यातला आवाज परत आला.

"चामडं नाहीये. रेक्झिन आहे."

"आणि?"

"खिळे नाहीत, नुसत्या पिना ठोकल्यात. उजवीकडचा स्पंज पार बसलाय." ती अजून जवळ गेली. "बुडाखाली उशी घेतलीये मेल्याने! अठरा लाख वाटत सुटलाय आणि स्वतः उशीवर बसतो?"

"विचार की त्याला, दुरुस्त करायची का."

बॅगवाला खाकरला. "मावशी, उचलायचं ना?"

"नाही विकायचं."

"अहो, हमाल आणलेत मी!"

"मग बसव त्यांना. चहा पाजते."

बॅगवाला बराच वेळ पुटपुटत होता, पण चहा पिऊन गेला. तो गेल्यावर आत्याने बरणी रेक्झिनवर उपडी केली, सवयीने. एक नाणं उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. "दाताच्या डॉक्टरचं कुठलं गं?" हिरवं गेलं होतं. लाल गेलं होतं. सगळी नाणी सारखीच लखलखीत. ती एकेक उलटीपालटी करत होती, नखाने कड चाचपत होती, आणि ती काय शोधतेय ते मला माहीत होतं.

मी एक उचलून तिच्या हातात दिलं. "हे. आतोबांचं."

"कशावरून?"

"मला आठवतंय."

"खोटारडी."

पण तिने ते वेगळं ठेवलं. मग नाक ओढलं, डोळे बाहीला पुसले आणि उठली. कोपऱ्यात एका गिऱ्हाइकाची खुर्ची तशीच उघडी पडली होती.

"अंगठ्याचं मात्र खरंय हं," ती म्हणाली. "ते काही व्हिडिओतलं नाही."

"माहितीये."

तिने दाभणात दोरा ओवला. तेवढंही तिला जड गेलं. दाभण माझ्या हातात दिलं. आजवर कडेची शिलाई तिने मला कधी करू दिली नव्हती, ते फक्त तिचं आणि त्याआधी आतोबांचं काम.

"घाल इथून. ओढ. अजून ओढ. जेवली नाहीस का?"

"ओढतेय!"

"सैल आहे. उसव."

मी उसवलं. परत घातलं. तिने परत उसवायला लावलं. शाळेत एवढं कोणी बोललं असतं तर मी दप्तर फेकून निघून गेले असते. दोऱ्याने माझं बोट कापलं तेव्हा तिने ते धरून बघितलं, ओल्या फडक्याने पुसलं, थोडा वेळ तसंच दाबून धरलं.

"आता दुसऱ्या बाजूने," ती म्हणाली.