साडेपाचची घरघर

अण्णा गेल्यावरही त्याचा कॉम्प्युटर रोज पहाटे आपोआप चालू होत राहिला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग करायचा. पहिल्या पाळीला निघण्याआधी त्यांवर शेवटची नजर टाकता यावी म्हणून त्यानं मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये साडेपाचची वेळ घालून ठेवली होती. यंत्र वेळेवर उठायचं, गडी मात्र कधीच नाही. पंखा घरघरायला लागला की आई त्याला हाका मारायची.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. राजाजीनगरच्या आमच्या घरात घरघर सुरू झाली की आई चहा टाकायची, कप कॉम्प्युटरपाशी ठेवायची आणि गार झाला की मोरीत ओतायची. रडली मात्र एकदाही नाही. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाची भीती वाटायची. तो यायच्या आधीच जाग यायची आणि मी अंग आखडून वाट बघत पडायचो. त्यातून बोर्डावरचा बटणाएवढा सेल थकला, आतलं घड्याळ मागे पडत गेलं. साडेपाचाचे पावणेसहा झाले, मग सहा. आई म्हणायची, थोरला हल्ली उशिरा उठतो. सेल बदलायला माझा हात धजला नाही. सेल काढला की अण्णानं घातलेली वेळही पुसली जाणार होती.

मग महादेवपुऱ्यातल्या माझ्या कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि त्यांच्या सॉफ्टवेअरपुढे यंत्रानं मान टाकली. एसपी रोडच्या कॉम्प्युटर-बाजारात गेलो. वाटलं होतं, जरा दमदार प्रोसेसर घालू, बोर्ड तोच ठेवू. दुकानदारानं जुना बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं की नवा प्रोसेसर ह्याच्या खाचेत बसणारच नाही. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदला. कॅबिनेट, डिस्क आणि पंखा राहू द्या. चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असलेला घ्या, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. झगमगत्या दिव्यांचा बोर्ड मी बाजूला सारला. माझ्या बजेटात साधासुधाच बसत होता.

बोर्ड जाणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची चीड आली. आईकडून तिचा मुलगा दुसऱ्यांदा काढून घ्यायला निघालो होतो, वर सॉफ्टवेअरचं निमित्त. बिल होता होता मी विचारलं, हा बोर्ड ठरल्या वेळी आपोआप चालू होतो का? दुकानदारानं "सरी" म्हणत होकार दिला आणि सेटिंग कुठे असतं ते दाखवलं. बहुतेक बोर्डांत असतं म्हणे, वापरत कोणी नाही. जुना बोर्ड तिथेच टाकून जा म्हणाला. मी तो पिशवीत घालून परत आणला.

घरी सगळं जोडल्यावर आई कुंकू घेऊन आली. आमच्या घरात नव्या यंत्राला कुंकवाचं बोट लागल्याशिवाय ते चालवत नाहीत. तिनं कॅबिनेटला कुंकू लावलं. ती आत गेल्यावर मी वेळ घातली, साडेपाच. माझीच बोटं मला परकी वाटली. ज्या आवाजाला दोन वर्षं घाबरलो, तो मीच पुन्हा घरात आणत होतो.

पहाटे घरघर झाली. पंखा जुना, आवाजही तोच. आई कप घेऊन दारात आली आणि तिनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेपाचला एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

"ही वेळ तू लावलीस की रे," ती म्हणाली. "थोरला कधी वेळेवर उठला होता?"

मला खोटं बोलता आलं नाही. तिनं कप कॉम्प्युटरपाशी ठेवला नाही, माझ्या हातात दिला. मग उंबऱ्यावरच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसलो आणि अण्णाचा चहा प्यालो.